शाळेच्या संडासाची किल्ली कोणाकडे?

आज संध्याकाळी लेक शाळेतून घरी आली की तिची पाण्याची बाटली उचलून बघा. सकाळी भरून दिलेली बाटली तशीच परत येत असेल, तर पोरीला तहान लागत नाही असे समजू नका. शाळेत जायला धड जागा नाही, म्हणून पाणीच प्यायचे नाही, अशी युक्ती आठ-नऊ वर्षांच्या मुलीही काढतात. दिवसभर लघवी तुंबवून धरली की जळजळ होते, ओटीपोट दुखते, कधी तापही येतो. आई म्हणते, उन्हाळी लागली; आणि धन्याचे पाणी देते. सातवीपर्यंतची शाळा असेल तर पाळी सुरू झालेल्या मुली महिन्याकाठी तीन-चार दिवस घरीच बसतात. त्यांचा अभ्यास बुडतो आणि कारण कोणी उघड बोलत नाही.

"पण शाळेत संडास आहे की!" असे कोणी म्हणेल. खरे आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मुलामुलींची स्वच्छतागृहे वेगळी असलीच पाहिजेत असे ठरले. १५ ऑगस्ट २०१४ रोजी लाल किल्ल्यावरून पंतप्रधानांनी ते काम वर्षभरात पुरे करण्याचे जाहीर केले आणि बांधकामे भराभर झाली. पुढे महालेखापरीक्षकांनी, सरकारी कंपन्यांनी शाळांत बांधलेल्या संडासांची १५ राज्यांत नमुना पाहणी केली. २०२० साली संसदेपुढे आलेल्या त्या अहवालात दिसले, की शंभरातल्या ७२ संडासांत आत वाहते पाणी नव्हते आणि ५५ ठिकाणी हात धुण्याची सोय नव्हती. भिंतींना पैसे मिळाले, पाण्याचा आणि झाडूचा विचार मागे पडला.

पाणी किती लागते? खेड्यासाठी बनवलेले जास्त उताराचे भांडे असेल तर दीड-दोन लिटरमध्ये साफ होते. साठ पोरांच्या शाळेत प्रत्येकाने दिवसातून एकदा दोन लिटर ओतले तरी १२० लिटर झाले. हात धुणे धरून दोनशे लिटरचे एक पिंप पुरावे. उंचावरची टाकी आणि वीजपंप येईपर्यंत थांबायचे कारण नाही. पिंपाला खाली तोटी बसवा, जवळ बादली आणि तांब्या ठेवा, साबणाची वडी जाळीत घालून टांगा, म्हणजे ती कावळाही नेणार नाही आणि पोरेही. पिंप रोज कोणी भरायचे, एवढे मात्र नाव घेऊन ठरवावे लागते.

संडासाला कुलूप का असते, यात गुरुजींचीही बाजू आहे. शाळा सुटल्यावर आवारात पत्ते कुटणारे येतात, घाण करतात, तोट्या नेतात. ते आपल्याच गावचे असतात. शाळेच्या वेळात कुलूप काढलेले हवे. मुलींच्या बाजूची एक किल्ली बाईंकडे किंवा आहार शिजवणाऱ्या ताईंकडे असावी. गुरुजींकडे किल्ली मागायला मुलगी लाजते.

आता नाजूक गोष्ट. साफसफाई कोण करतो? काही ठिकाणी हे काम ठरावीक वस्तीतल्या पोरांच्याच वाट्याला येते आणि बाकीची बघत उभी राहतात. हे गावाला शोभत नाही. ज्या महाराष्ट्रात गाडगेबाबांनी स्वतः खराटा हाती घेतला, अप्पासाहेब पटवर्धनांसारखा विद्वान माणूस कोकणात संडास साफ करीत हिंडला, तिथे तर नाहीच नाही. माझे मत स्पष्ट आहे: पोरांनी वापरल्यावर पाणी ओतावे, वर्ग झाडावा, भांडे घासण्याचे काम गावाने पगार देऊन करून घ्यावे, आणि ते कोणीही करावे.

यासाठी पैसा नाही असे सांगितले तर हिशेब विचारा. २०२१ ते २०२६ या काळासाठी पंधराव्या वित्त आयोगाने गावांच्या अनुदानातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठीच राखून ठेवला होता. तुमच्या ग्रामपंचायतीने त्यातून शाळेसाठी काय केले, हे ग्रामसभेत विचारता येते. शाळा व्यवस्थापन समितीत तर कायद्यानेच तीन-चतुर्थांश सभासद पालक आणि निम्म्या स्त्रिया असतात. मायबहिणींनो, सहीपुरते जाऊ नका. मिटिंगच्या आधी आत जाऊन संडास बघून या.

नवीन बांधणार असाल तर दोन शोषखड्ड्यांचाच बांधा. दोन्ही खड्ड्यांत एकदम मैला सोडू नये. एक भरला की मधल्या कुंडीत त्याचे तोंड बंद करून दुसरा सुरू करावा. जमीन काळी असेल तर पाणी मुरत नाही, म्हणून खड्ड्याच्या बांधकामाबाहेर सभोवार फूटभर जाडीची वाळू आणि बारीक खडी भरावी. ॲसिड आणि फिनेल ओतू नये. मैला कुजवणारे जिवाणू मरतात. मे महिन्यात भांड्याच्या कोंबड्यातले पाणी आटते आणि वास सुटतो, माश्या वर येतात. तेव्हा शाळा उघडण्याआधी चार बादल्या पाणी ओतून जाळी-कचरा काढावा. बंद केलेला खड्डा दीड-दोन वर्षांनी उघडला की त्यात कोरडे, बिनवासाचे खत निघते. ते शाळेच्या आवारातल्या झाडांना घाला.