ओळंबा, खिळा आणि पद्मिनीची चाकं
प्रीमियर पद्मिनीत इंजिनाचा जोर मागच्या चाकांवर. पुढची चाकं नुसती ढकलली जातात आणि धावताना किंचित बाहेर फाकतात. म्हणून उभ्या गाडीत ती पुढून जराशी आत वळलेली ठेवतात. हाच टो-इन. मोजायला गवंड्याचा ओळंबा पुरतो. पुढचं प्रत्येक चाक जॅकवर फिरवून टायरवर खिळ्याने बारीक रेघ ओढा. गाडी उतरवून थोडी ढकला, म्हणजे सस्पेन्शन बसेल (ही पायरी गाळली की माप खोटं). पुढून, आसाच्या उंचीवर, रेघेवरून ओळंबा सोडून फरशीवर खूण करा. चाक अर्धा फेरा नेऊन रेघेवरची तीच जागा मागे आली की पुन्हा. दोन चाकांच्या खुणांमधलं मागचं अंतर पुढच्यापेक्षा किती जास्त हवं, तो आकडा मॅन्युअलमधलाच घ्या. माप जुळवायला दोन्ही टाय रॉड (चाकं वळवणारे दांडे) सारखेच फिरवा, नाहीतर स्टिअरिंग तिरकं बसतं. लॉकनट आवळल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका.