विद्यार्थी-माहितीपट: पुरावा, निवेदन आणि उपशीर्षक

हवामानबदलावरील विद्यार्थी-माहितीपटाचे मूल्यमापन करताना छायाचित्रण आणि संकलन यांचे गुण सहज देता येतात. खरा पेच निवेदनाचा आहे. हवामान ही साधारणतः ३० वर्षांच्या नोंदींवरून ठरणारी सरासरी. कॅमेऱ्याला दिसतो तो एका दिवसाचा पाऊस, एक ढासळलेला काठ. उरलेले अंतर शब्दच भरून काढतात आणि अतिशयोक्ती तेथेच शिरते. ‘ॲन इन्कन्व्हिनियंट ट्रुथ’ (२००६) या चित्रपटाची मुख्य मांडणी इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने २००७ मध्ये ग्राह्य मानली. परंतु कतरिना वादळाचा संबंध थेट तापमानवाढीशी जोडणाऱ्या विधानासह नऊ विधाने वैज्ञानिक मतैक्याशी विसंगत ठरविली आणि मार्गदर्शक टिपणांसहच तो शाळांत दाखविण्यास मुभा दिली.

घटना आणि कारण यांची अशी घाईची गाठ अनुवादातही पडते. हुगळीच्या मुखावरील घोडामारा बेट घ्यावे. तेथे वाढती समुद्रपातळी, खचणारा त्रिभुज प्रदेश, प्रवाहाने होणारी धूप आणि आयला (२००९), अम्फान (२०२०) यांसारखी चक्रीवादळे एकवटतात. समजा, एखादी वृद्धा बंगालीत ‘घर नदीने नेले’ असे सांगते आणि उपशीर्षकात ‘हवामानबदलाने नेले’ असे उमटते. येथे विज्ञान आणि साक्ष दोन्ही बिघडतात. तिच्या वाक्याची कर्ती नदी आहे. म्हणून माहितीपटासोबत मुलाखतींचे मूळ भाषेतील शब्दांकन, अनुवाद आणि निवेदनातील प्रत्येक विधानाचा आधार मागवावा. (देखणे ड्रोनदृश्य हा आधार नव्हे.) उपशीर्षकाला जेमतेम दोन ओळींची जागा असते, तीत काय गाळले, याचीही नोंद परीक्षकापुढे हवी.