कारखान्यातील जमिनीचे पुनर्लेपन

मातीची जमीन सारवण्यापूर्वी तिच्यावर पाणी शिंपडून ती ओलावून घेण्याची रीत खेडोपाडी आढळते. सिमेंटचा कोबा करणारा गवंडीही खालचा थर आधी भिजवतो. कारण कोरडा थर वरच्या ओल्या मालातील पाणी शोषून घेतो आणि मग नवा थर सुटून येतो. पिढ्यानुपिढ्या हातात मुरलेली ही सवय आपल्या जागी योग्यच आहे. परंतु कारखाना, गुदाम किंवा औषधनिर्मितीचा विभाग यांतील काँक्रीटच्या जमिनीवर इपॉक्सी राळेचा लेप द्यायचा असतो तेव्हा हीच सवय घातक ठरते. या लेपाला खालची जमीन कोरडी लागते, आणि ती केवळ वरून कोरडी दिसून भागत नाही.

काँक्रीट कठीण असले तरी भरीव नसते. त्याच्या अंतर्भागात केसाहूनही बारीक अशा असंख्य वाहिन्या असतात. सांडलेले तेल त्यांतून आत झिरपते. दुग्धशाळेत सांडलेले दूध आंबून लॅक्टिक आम्ल तयार होते व ते सिमेंट हळूहळू खाऊन टाकते. लेप देण्याचे प्रयोजन हे मारे अडविण्याचे असते. मात्र याच वाहिन्यांतून जमिनीखालचा ओलावाही वर चढत असतो. काँक्रीट उघडे असते तोवर त्याची वाफ हवेत निघून जाते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. लेप बसला की ती वाट बंद होते. सिमेंटमधील क्षार विरघळवून आलेले तीव्र अल्कधर्मी पाणी लेपाच्या बुडाशी साचते, लेपाची पकड सुटते आणि जागोजागी फोड उठतात. जुन्या इमारतींत काँक्रीटखाली पॉलिथीनचा पडदा घातलेला नसेल तर हा धोका अधिक असतो. फोड आले म्हणजे कंत्राटदार मालाला दोष देतो, माल पुरविणारा कामगारांना दोष देतो, आणि व्यवस्थापन त्यावर आणखी एक लेप चढविण्याचा हुकूम सोडते. हा नवा लेप जुन्याबरोबरच निघून येतो, हे सांगावयास नकोच.

ओलावा ओळखण्याची एक साधी परीक्षा आहे. सुमारे ४५ सेंटिमीटर लांबी-रुंदीचा प्लॅस्टिकचा पारदर्शक कागद जमिनीवर पसरून त्याच्या चारही कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात आणि तो किमान १६ तास तसाच ठेवावा. कागदाच्या खालच्या बाजूस पाण्याचे थेंब जमले किंवा काँक्रीट काळपट पडले, तर लेप देण्याची वेळ आलेली नाही असे समजावे. ही परीक्षा एकाच कोपऱ्यात करून भागत नाही. शिवाय उन्हाळ्यात कोरडी ठरलेली जमीन पावसाळ्यात तशीच राहील, अशी हमीही तिच्यातून मिळत नाही. शंका असल्यास मोजमापाची उपकरणे वापरावीत. ओलसर काँक्रीटवर चालणारे विशेष प्राथमिक लेप आता मिळतात. ते महाग असले तरी दुसऱ्यांदा काम करण्यापेक्षा स्वस्त पडतात.

पुनर्लेपनाची योग्य वेळ जुना लेप अखंड असतानाच येते. फोर्कलिफ्ट गाड्या जेथे वळतात त्या जागी चकाकी जाऊन ओरखडे दिसू लागले की काम हाती घ्यावे. पृष्ठभागावर लहान हातोडीने ठोकत गेल्यास सुटलेल्या जागी पोकळ आवाज येतो. तेवढा भाग खरवडून काढावा लागतो. उरलेल्या घट्ट लेपाची केवळ चकाकी घासून काढली तरी पुरते. खालचे काँक्रीट उघडे पडेपर्यंत वाट पाहिली, तर तेल आत मुरते आणि श्रम कितीतरी वाढतात. अशा जागेवर पाण्याचा थेंब टाकून पाहावा. तो मोत्यासारखा गोळा होऊन राहिला, तर तेल अद्याप गेलेले नाही. काँक्रीट आम्लाने धुण्याची स्वस्त पद्धत आपल्याकडे रूढ आहे. पण आम्ल तेलाला हलवीत नाही, आणि ते धुऊन काढण्यासाठी ओतलेले पाणी पुन्हा जमिनीतच मुरते.

म्हणून यंत्राने घासणे श्रेयस्कर. परंतु येथे पैशांहून मोठी गोष्ट पणाला लागते. काँक्रीटमधील वाळूत बहुधा स्फटिकरूप सिलिका असते. घासताना उडणारी तिची अतिसूक्ष्म धूळ फुप्फुसांत खोलवर जाऊन सिलिकोसिस हा असाध्य रोग जडतो. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत या रोगाचा समावेश केला गेला होता, म्हणजे तो अपरिचित खचितच नव्हे. तथापि नाकातोंडावर रुमाल बांधून घासकाम करणारे मजूर आजही दिसतात. रुमालाने ही धूळ अडत नाही. यंत्रालाच धूळ ओढून घेणारी जोडणी असावी आणि कामगाराच्या तोंडावर बसणारा योग्य श्वसन-मुखवटा असावा.

इपॉक्सीचे दोन घटक असतात, राळ आणि हार्डनर. ती द्रावक उडून वाळत नाही. दोन्ही घटकांच्या रासायनिक संयोगाने ती घट्ट होते. त्यामुळे लवकर सुकावी म्हणून हार्डनर जास्त घालणारा कारागीर काम बिघडवतो. प्रमाण चुकले की जादा घटक संयोगाविना राहून लेप मऊ पडतो. संयोगातून उष्णताही निर्माण होते. कालवलेला माल बादलीत तसाच ठेवला तर तापून पाहता पाहता दगड होतो, क्वचित धूरही निघतो. तोच जमिनीवर पसरला असता उष्णता निघून जाते आणि कामास अधिक अवधी मिळतो.

राहता राहिला मुहूर्ताचा प्रश्न. दिवाळीच्या सुट्टीत यंत्रे बंद असतात म्हणून पुष्कळ कारखाने तेव्हाच लेपन उरकतात. पश्चिम किनाऱ्यावर पावसाळा नुकताच सरलेला असतो आणि भूजलाची पातळी उंच असते. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर तर त्या वेळी ईशान्य मोसमी पाऊस चालूच असतो. जमिनीचे तापमान हवेच्या दवबिंदूपेक्षा निदान ३ अंश सेल्सियसने अधिक हवे, नाही तर लेपावर अदृश्य दव जमते. बहुतेक ठिकाणी फेब्रुवारी ते मे हा काळ सोईचा पडतो. उन्हाळ्यात मात्र माल लवकर घट्ट होत असल्याने काम पहाटे सुरू करून थोडा थोडा माल कालवावा. लेपावर साधारणतः दुसऱ्या दिवशी चालता येते. परंतु रसायने सांडण्याजोगी जमीन व्हावयास सुमारे ७ दिवस लागतात, आणि सुट्टी बहुधा तितकी मोठी नसते.