हयगयीचा कसूर कोणाच्या माथी?

सोलापूरहून बीडकडे जाणाऱ्या महामार्गावर येरमाळा मागे टाकले की वाशी तालुक्यातील तेरखेडा हे गाव लागते, आणि धाराशिव जिल्ह्याबाहेरच्या माणसालाही ते ठाऊक असते ते तेथील शोभेच्या दारूमुळे. कोरडवाहू शेतीवाचून ज्या माळरानावर दुसरा भरवशाचा आधार नाही, तेथे फटाक्यांच्या कारखान्यांनी अनेक कुटुंबांची चूल पेटती ठेवली, हे त्या धंद्याचे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु याच कारखान्यांत वेळोवेळी स्फोट होऊन मजूर भाजले आणि प्राणासही मुकले, हेही तितकेच खरे आहे. अशा दुर्घटनेनंतर पंचनाम्याचे कागद रंगू लागले म्हणजे एक जुना प्रश्न पुन्हा उभा राहतो : ज्याच्या मनात कोणाला इजा करण्याचा लवलेशही हेतू नव्हता, त्याला केवळ हयगयीपायी गुन्हेगार ठरवावे काय?

प्रश्नाचे उत्तर शोधण्यापूर्वी त्या खोलीत काय चालते ते पाहिले पाहिजे. सोरा, गंधक आणि कोळसा यांची भुकटी आणि लखलखाटासाठी अॅल्युमिनियमची पूड हा या धंद्याचा मूळ माल. ही मिश्रणे ठिणगीला भुकेली असतात. म्हणून लोखंडी अवजारे वापरायची नाहीत, कृत्रिम धाग्याच्या कपड्यांत घर्षणाने वीज साठते म्हणून सुती कपडे घालायचे, माल थोडा ठेवायचा, एका खोलीत माणसे मोजकी बसवायची आणि दोन खोल्यांत अंतर राखायचे, असे दंडक आहेत. क्लोरेट आणि गंधक यांचे मिश्रण तर नुसत्या घासण्याने वा आघाताने पेटते, म्हणून केंद्र सरकारने १९९२ मध्ये त्यावर बंदी घातली. परवाना घेणाऱ्याला हे नियम माहीत असतात, किंबहुना ते माहीत आहेत आणि पाळले जातील या हमीवरच परवाना दिला जातो. उक्त्या मजुरीवर सुतळी गुंडाळणाऱ्या बाईला मात्र त्यांतले कोणते नियम कोणी समजावून सांगितले, याचा दस्तऐवज क्वचितच सापडतो.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. शुद्ध अपघाताला त्याने प्रारंभापासूनच क्षमा केली आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या ८० व्या कलमाखाली एक दृष्टांत दिला आहे : एक मनुष्य कुऱ्हाडीने काम करीत असता तिचे पाते निसटून जवळ उभ्या असलेल्या इसमाला लागते आणि तो मरतो, काम करणाऱ्याने योग्य ती खबरदारी घेतली असेल, तर तो अपराधी नव्हे. मात्र बेदरकारपणे वा हयगयीने मृत्यू घडवणाऱ्यासाठी त्या संहितेत स्वतंत्र कलमच नव्हते. ते ३०४-अ या क्रमांकाने १८७० मध्ये घालण्यात आले आणि त्याची कमाल सजा दोन वर्षांची ठरली. निजामाच्या अमलाखालील उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्याला ही संहिता लागू झाली ती हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाल्यानंतर, १ एप्रिल १९५१ पासून. १ जुलै २०२४ पासून तिची जागा घेणाऱ्या भारतीय न्याय संहितेने १०६ व्या कलमान्वये ही मर्यादा पाच वर्षांपर्यंत वाढवली आहे.

सजा वाढली, तरी मूळ अडचण सुटत नाही. कारण ती सजेच्या मापात नसून सजा कोणाला होते यात आहे. मुंबईतील एका रंगाच्या कारखान्याचा खटला या दृष्टीने मननीय आहे. त्या कारखान्याचा परवाना थंड प्रक्रियेने रंग तयार करण्याचा होता. व्यवस्थापकाने ती प्रक्रिया बदलून राळ आणि डांबर तापवण्यासाठी जळते बर्नर आणले, आणि ज्या खोलीत वार्निश व टर्पेंटाइन साठवलेले होते त्याच खोलीत ते पेटवू दिले. २० एप्रिल १९६२ रोजी एका कामगाराने तापलेले पिंप पुरेसे निवण्यापूर्वीच त्यात टर्पेंटाइन ओतले. फेस उसळून बाहेर आला, आगीचा भडका उडाला आणि सात कामगार जळून मेले. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. मृत्यू हा आरोपीच्याच कृत्याचा साक्षात परिणाम असला पाहिजे, मध्ये दुसऱ्याची हयगय येता कामा नये, हे मुंबई उच्च न्यायालयाने १९०२ मध्ये सांगितलेले तत्त्व उचलून सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, मृत्यूंचे निकटचे कारण त्या कामगाराची घाई हे होय. व्यवस्थापक ३०४-अ मधून मुक्त झाला आणि आगीबाबत निष्काळजीपणा केल्याचा, कमाल सहा महिन्यांच्या सजेचा, किरकोळ अपराध तेवढा त्याच्यावर कायम राहिला.

न्यायशास्त्राच्या दृष्टीने हा निर्णय निराधार म्हणता येणार नाही. परंतु सामान्य माणसाच्या न्यायबुद्धीला तो बोचतो, आणि ती बोच योग्य आहे असे मला वाटते. ज्याच्या हातून शेवटची चूक घडते तो बहुधा सर्वांत कमी पगाराचा, सर्वांत कमी शिकवलेला आणि सर्वांत थकलेला मनुष्य असतो. चूक करणे हा मनुष्यस्वभाव आहे. पण त्या एका चुकीने सात जीव जातील अशी मांडणी करणे हा मात्र कोणाचा तरी विचारपूर्वक घेतलेला निर्णय असतो. हाच न्याय भोपाळातही दिसला. १९८४ च्या वायुगळतीत हजारो माणसे मेली, १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोप सदोष मनुष्यवधावरून ३०४-अ वर उतरवले आणि जून २०१० मध्ये दोषी ठरलेल्यांना मिळाली ती दोन वर्षांची सजा.

हयगयीला गुन्हा मानू नये असे म्हणणाऱ्यांचे दोन आक्षेप गंभीरपणे घेतले पाहिजेत. पहिला असा की, फौजदारी न्यायाचा पाया हेतू हा आहे. सारखीच हयगय करणाऱ्या दोघांपैकी एकाच्या दैवाने अनर्थ टळतो आणि दुसरा तुरुंगात जातो, तेव्हा आपण नीतीची नव्हे, नशिबाची शिक्षा देतो. दुसरा असा की, तुरुंगाच्या भयाने माणसे सत्य दडवतात आणि जबाबदारीची कामे टाळतात. वैद्यकीय हयगयीबाबत सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये घोर हयगय असल्याशिवाय फौजदारी कारवाई होऊ नये असे सांगितले, ते या विचारानेच. बेदरकार वाहन चालवून मृत्यू घडवणाऱ्या आणि तो न कळवता पळणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत सजा सांगणाऱ्या नव्या तरतुदीविरुद्ध जानेवारी २०२४ मध्ये मालमोटारचालकांनी संप केला. संहिता अमलात आली तेव्हा ते उपकलम मागे ठेवावे लागले.

दोन्ही आक्षेपांत तथ्य आहे, आणि म्हणूनच अपराधाची कसोटी मृतांच्या संख्येवर अवलंबून असू नये. धोका ठाऊक होता काय, तो दूर करण्याचा अधिकार व ऐपत हाती होती काय, आणि लाभ आपला व जोखीम दुसऱ्याची असा व्यवहार केला काय, हे तीन प्रश्न विचारावेत. तिन्हींचे उत्तर होकारार्थी असेल तो मनुष्य, स्फोट होवो वा न होवो, गुन्हेगार आहे. कारण जाणूनबुजून दुसऱ्याचा प्राण पणाला लावणे यात हेतू नसला तरी इच्छा असते. ज्याचे उत्तर नकारार्थी, त्याच्या क्षणिक चुकीला बेडी घालून काहीच साधत नाही. मृताच्या कुटुंबाला भाकरी मिळावी यासाठी कोणाचा दोष सिद्ध होण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. कामगार नुकसानभरपाईच्या १९२३ च्या कायद्यानेही मालकाची हयगय सिद्ध करण्याची अट घातली नव्हती.

ही कसोटी केवळ दारूच्या कोठारापुरती नाही. गाळप हंगामात जिल्ह्यातील रस्त्यांवर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्रभर चालतात. मागे ना दिवा, ना तांबडी पट्टी. चाक बसले की भर रस्त्यात ट्रॉली उभी करून भोवती दगड मांडायचे आणि जाताना ते तसेच टाकून जायचे, हा नित्याचा परिपाठ. एखादा दुचाकीस्वार त्यावर आदळून मेला म्हणजे उचल घेऊन आलेला चालक आरोपी होतो. बिनदिव्याची ट्रॉली रात्रीमागून रात्री वजनकाट्यावर घेणाऱ्याला कोणी जाबही विचारीत नाही.

म्हणून तपास अधिकाऱ्याने पंचनामा राखेपाशी संपवू नये. परवाना, साठ्याची नोंदवही, मजुरांची हजेरी आणि मागील तपासणीचे शेरे हाही मुद्देमाल मानून जप्त करावा. तपासणी न करताच शेरा मारणारा अंमलदार वरील तीन प्रश्नांतून सुटत नाही. आणि गावकऱ्यांनीही दारूकामाच्या खोलीत दाटीने बसलेली माणसे दिसली, तर स्फोटाची वाट न पाहता त्याच दिवशी तहसीलदाराकडे लेखी अर्ज द्यावा व त्याची पोच घ्यावी. धोका आधी कळवला होता याचा तो पुरावा ठरेल, आणि ‘मला ठाऊक नव्हते’ ही सबब मग कोणालाही सांगता येणार नाही.