डंडे पूर्ण, नेट गायब

हैदराबादच्या अफझलगंजात वायफाय बसवणाऱ्याची गाठ आधी भिंतीशी पडते. उस्मानिया रुग्णालय नि स्टेट सेंट्रल लायब्ररीच्या आसपासच्या जुन्या इमारतींत दगड-चुन्याच्या भिंती इतक्या जाड, की शेजारच्या खोलीत सिग्नल निम्मासुद्धा उरत नाही. मालकाचा उपाय ठरलेला: जास्त वॅटचा डबा, म्हणजे वायफायचा रेडिओ.

बसथांब्याजवळच्या एका लॉजवाल्याने तसाच दणकट डबा लावून घेतला होता. मॅनेजर वैतागून म्हणाला, "डंडे पूरे दिख रे भाई, मगर खुलता कुछ बी नई!" डबा एक वॅटने ओरडत होता आणि फोनचं उत्तर शंभर मिलिवॅटच्याही आतलं. डब्याचं पाहुण्याला ऐकू येई, पाहुण्याचं डब्याला नाही. आम्ही शक्ती उतरवली आणि मजल्यागणिक दोन लहान रेडिओ लावले. मालकाला हे पटेना. पैसे मोजून आवाज कमी कोण करून घेतो?

म्हणून रेडिओ घेताना आधी पाहायचं ते त्याचं ऐकणं. माहितीपत्रकात 6 एमबीपीएसला उणे 94 डीबीएम असा झोकदार आकडा छापलेला असतो. त्याच ओळीत पुढे 54 एमबीपीएसला उणे 75 असतो. कामाचा तो दुसरा. शिवाय 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा 2005 पासून विनापरवाना, त्यामुळे बेगमबाजारापर्यंत प्रत्येक दुकानाचा राउटर एकमेकांत न मिसळणाऱ्या त्याच तीन चॅनेलांवर गर्दी करतो. अशा गोंगाटात स्वस्त रिसीव्हर आधी बहिरा होतो.

आतली दुसरी गोष्ट दुकानदार सांगत नाहीत, बहुधा त्यांनाही ठाऊक नसते. मॉडेलचं नाव तेच ठेवून कंपन्या आतली चिप बदलतात. खोक्यावर बारीक अक्षरात 'व्हर्जन 2' एवढंच. मागच्या वर्षी खणखणीत चाललेला डबा यंदा तासातासाला लटकतो तो यामुळे. मागच्या लेबलावर एफसीसी क्रमांक असेल तर तो अमेरिकी नोंदणीत टाकायचा; बहुतेकदा उघडलेल्या डब्याचे फोटो सापडतात आणि चिपवरचं नाव वाचता येतं. मी तरी हे केल्याशिवाय दहा नग उचलत नाही.

आणि कधी कधी रेडिओ बिचारा निर्दोष असतो. गच्चीवरचा एक डबा रोज संध्याकाळीच बंद पडून पुन्हा सुरू व्हायचा. बसमधून माणसं उतरली, लॉज भरला, की रेडिओचं प्रक्षेपण वाढे, तो जास्त वीज ओढी आणि लांबलचक केबलमधून 24 व्होल्टांपैकी पुरेसे वर पोचत नसत. तार ब्लेडने खरवडली. तांब्याच्या पातळ मुलाम्याखाली चंदेरी अ‍ॅल्युमिनियम! त्याचा अवरोध तांब्याच्या सुमारे दीडपट. केबल बदलली, डबा तोच ठेवला.

आता खरेदीला जाताना खिशात ब्लेड असतं. ते बाहेर काढलं की दुकानदार तोंड वाकडं करतो आणि गपचूप आतून दुसरं बंडल आणतो.