'स्टॉप पेमेंट'ची चिठ्ठी

डहाणू लोकलमध्ये एक्स-रेची पिशवी मांडीवर धरून बसलेली माणसे हमखास दिसतात. तलासरीच्या पाड्यावरून डहाणू रोड, तिथून दादर आणि मग परळचे टाटा रुग्णालय, असा त्यांचा प्रवास. बँकेत कर्जविभागात असताना अशी घरे मी जवळून पाहिली आहेत. तोंडातला चट्टा अंगावर काढायचा आणि शेवटी चिकूच्या वाडीचे पीक व्यापाऱ्याला आगाऊ विकून उपचाराला पैसा उभा करायचा. उशिराचे व्याज फार जबर असते.

हा उशीर टाळण्यासाठी संशोधकांनी ज्यावर आशा ठेवली आहे, त्याचे नाव मायक्रोआरएनए. नावाने बिचकू नका. पेशीतला डीएनए म्हणजे मुख्य खातेवही. प्रथिन हवे असले की त्यातल्या नोंदीची आरएनए-प्रत निघते, चेकसारखी. मायक्रोआरएनए म्हणजे जेमतेम २२ अक्षरांची 'स्टॉप पेमेंट'ची चिठ्ठी; ती चेकला चिकटली की प्रथिन बनणे थांबते. व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रव्हकन यांना १९९३ साली ती एका मिलिमीटरभर कृमीत उमगली; २०२४ चे नोबेल त्याचेच. कॅन्सरमध्ये काही चिठ्ठ्या गहाळ होतात, काही भरमसाट निघतात. शिवाय त्या रक्तातही टिकतात. म्हणून गाठ हाताला लागण्याआधी रक्तातून सुगावा लागावा, ही धडपड.

आपल्याकडेही हे काम झाले आहे. खारघरच्या 'अ‍ॅक्ट्रेक' या टाटा स्मारक केंद्राच्या संस्थेतील संशोधकांनी २०१३ मध्ये मेड्युलोब्लास्टोमा या मेंदूच्या गाठीचे चार प्रकार ओळखणारी चाचणी प्रसिद्ध केली. ही गाठ बहुधा मुलांमध्ये आढळते. मेणात जपलेल्या तुकड्यावरही चाचणी चालते, कारण इवल्या चिठ्ठ्या सहसा तुटत नाहीत. प्रकार कळला की कोणत्या मुलाला किती कडक उपचार हवेत, हे ठरवणे सोपे जाते.

पण वाचकहो, रक्ताच्या थेंबावरून सगळे कॅन्सर सांगणारी खात्रीची मायक्रोआरएनए चाचणी आज नाही. एका प्रयोगशाळेचे आकडे दुसरीत जुळतीलच असे नसते. तशी जाहिरात कोणी केली, तर खिशाला हात घालण्याआधी डॉक्टरांना विचारा.

तोवर साधे उपाय आहेतच. १९९८ पासून टाटाच्या डॉक्टरांनी मुंबईच्या झोपडपट्ट्यांत आरोग्यसेविकांना शिकवून, गर्भाशयमुखाला व्हिनेगरसारखे सौम्य आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी तपासणी केली. त्या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले, हे २०१३ मध्ये जाहीर झाले. त्याला ना मोठे यंत्र लागते, ना परळची वारी. तलासरीच्या पाड्यावरही हे पोचू शकते. आणि तोंडातला चट्टा दोन आठवड्यांत गेला नाही, तर चिकूचा हंगाम संपण्याची वाट पाहू नका. सरळ आरोग्य केंद्र गाठा.