घरातील कासव आणि त्याची दुखणी

शिवालयाच्या सभामंडपात गाभाऱ्याकडे तोंड करून बसलेले दगडी कासव पाहत ज्यांचे बालपण गेले, आणि पाणी स्वच्छ राहावे म्हणून गावच्या विहिरीत सोडलेले जिवंत कासव ज्यांनी काठावरून वाकून पाहिले, त्यांच्या मनात या प्राण्याविषयी एक समज नकळत दृढ होऊन बसलेला असतो: कासवाला काही लागत नाही. ते उपाशी राहिले तरी ओरडत नाही, कोंडले तरी कुरकुरत नाही, आणि आयुष्य तर ते शंभर वर्षांचे घेऊन आलेले असते. या समजात सत्याचा जो अंश आहे तोच घरी पाळलेल्या कासवाच्या मुळावर येतो. कासव फार सोसते, हे खरे; परंतु त्या सोसण्यालाच आपण आरोग्य समजतो आणि निश्चिंत होतो. त्याच्या शरीराचे सर्व व्यवहार संथ असल्यामुळे आज झालेल्या चुकीचे फळ सहा महिन्यांनी, कधी दोन-दोन वर्षांनी दृष्टीस पडते, आणि ते पडते तेव्हा रोग पुष्कळ पुढे गेलेला असतो. पाळीव कासवांची बहुतेक दुखणी त्यांच्या राहत्या जागेतून, उजेडातून, पाण्यातून आणि रोजच्या अन्नातून उत्पन्न झालेली असतात. म्हणून त्यांचा विचार औषधांपासून न करता घरापासून करणेच इष्ट होय.

त्याही आधी एका बाबीची खातरजमा करून घेतली पाहिजे, ती म्हणजे घरातले कासव कोणते. काळसर पाठीवर पिवळ्या रेषांच्या चांदण्या असलेले स्टार कासव हे गुजरात-राजस्थानच्या कोरड्या झुडुपी रानांत, दक्षिणेत आंध्र व तमिळनाडूकडे आणि श्रीलंकेत आढळते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये ते पकडणे, विकणे वा घरी बाळगणे हा गुन्हा आहे, आणि २०१९ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारालाही मनाई झालेली आहे. तरीही ते घरात ठेवल्याने लक्ष्मी येते म्हणून, किंवा वीस नखांच्या कासवाने पैशाचा पाऊस पडतो या भ्रमापायी, या मुक्या जीवांची चोरटी वाहतूक चालूच असते. पिशव्यांत आणि पेट्यांत दाटीने कोंबलेली, तहानेने अर्धमेली झालेली ही कासवे पकडली जातात तेव्हा त्यांतील कित्येक दगावलेली असतात. असे कासव कोणाच्या घरी असेल तर त्याने ते वनखात्याच्या स्वाधीन करावे. त्याची याहून चांगली तजवीज आपल्या हातून होणार नाही. घरांतून सर्रास दिसते ते अमेरिकेतील मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातले, डोळ्यामागे तांबडा पट्टा असलेले रेड-इअर्ड स्लायडर, आणि क्वचित हौशी लोकांकडे आफ्रिकेतले सुल्काटा. सुल्काटासारख्या ज्या परदेशी जाती कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत येतात त्यांची नोंदणी २०२४ च्या नियमांनुसार करावी लागते, हेही घेणाऱ्याने आधीच जाणून असावे. शिवाय रुपयाएवढे दिसणारे स्लायडरचे पिल्लू वाढून वीतभर लांबीच्याही पुढे जाते आणि वीस-तीस वर्षे जगते. तळहातावर मावणारे सुल्काटा तर पुढे चाळीस किलोंच्या वर भरते.

या दोन जातींत एक मूलभूत भेद आहे आणि तो न ओळखल्याने दरसाल कितीतरी कासवे मरतात. स्लायडरच्या बोटांना पडदे असतात, कारण ते पाण्यात राहणारे आहे. सुल्काटा व स्टार ही जमिनीवर राहणारी भुईकासवे; त्यांचे पाय जाड आणि आखूड असतात, त्यांना पोहता येत नाही, आणि खोल पाण्याच्या टाकीत टाकले तर ती सरळ बुडून मरतात. उलट स्लायडरला भिजलेल्या परातीत ठेवून चालत नाही. त्याला पोहण्याइतके खोल, गाळणीने स्वच्छ राखलेले पाणी हवे, आणि त्या पाण्यातून वर चढून अंग पूर्ण कोरडे करता येईल असा एक कोरडा चौथराही हवा. तो नसला की अंग सदैव ओले राहून कवचावर पांढुरके, मऊ, दुर्गंधीयुक्त डाग पडू लागतात. कवच कुजण्याची ती सुरुवात असते.

कवच म्हणजे कासवाचे घर, असे आपण लहान मुलांना सांगतो. वस्तुतः ते त्याचे शरीरच आहे. पाठीचा कणा आणि बरगड्या त्यात जोडल्या गेलेल्या असतात, हाडावर नखांच्याच द्रव्याचे खवले बसलेले असतात, आणि त्यांच्याखाली रक्त वाहते, वेदना जाणवते. म्हणून त्यावर रंग काढणे, चकाकी यावी म्हणून खोबरेल चोपडणे, किंवा दोरी बांधण्यासाठी त्याच्या कडेला भोक पाडणे, जसे इंग्लंडात एके काळी खुशाल पाडीत असत, या सर्व गोष्टी क्रूरतेतच जमा होतात. कवचाची जखम किती दूरवर जाते याचा दाखला कोलकात्याच्या अलिपूर प्राणिसंग्रहालयात मिळाला. तेथील अद्वैत नावाचे अल्डाब्रा जातीचे प्रचंड कासव, जे पूर्वी रॉबर्ट क्लाइव्हच्या बागेत होते अशी परंपरागत समजूत आहे, २००६ च्या मार्च महिन्यात मृत्यू पावले. त्याच्या कवचाला तडा जाऊन त्याखालची जखम चिघळलेली होती. गच्चीवरून पडल्याने वा कुत्र्याने चावल्याने कवच फुटले तर जखम खाऱ्या निर्जंतुक पाण्याने धुऊन, स्वच्छ कापडाने झाकून, त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यावे. बाजारातील डिंक लावून ती घरच्या घरी बंद केली तर आत पू कोंडून राहतो.

आता सर्वांत महत्त्वाच्या विषयाकडे वळू, आणि तो म्हणजे ऊन. कासवाच्या आहारात चुना, म्हणजे कॅल्शियम, कितीही असला तरी तो हाडांपर्यंत पोचवण्यास ड जीवनसत्त्व लागते, आणि ते कासवाच्या त्वचेत सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांच्या, नेमके सांगायचे तर २९० ते ३१५ नॅनोमीटर या टप्प्यातील किरणांच्या, योगाने तयार होते. हे किरण खिडकीच्या काचेतून आत येत नाहीत. त्यामुळे काचेआडून भरपूर ऊन मिळते अशा समाधानात असलेल्या कुटुंबातील कासव प्रत्यक्षात अंधारात राहिल्यासारखेच असते. मग शरीर रक्तातील चुन्याचे प्रमाण सांभाळण्यासाठी स्वतःच्याच हाडांतून तो उपसू लागते. अशा पिल्लाला हातात घेऊन अंगठ्याने कवचाच्या कडेला हलका दाब दिला तर ती कडा दबते. खालचा जबडा लवचिक होऊन तोंड नीट मिटत नाही. चालताना पोट जमिनीवरून उचलले जात नाही आणि मागचे पाय ओढल्यासारखे मागे राहतात. याला इंग्रजीतील नावावरून मेटाबोलिक बोन डिसीज म्हणतात, आणि घरच्या कासवांच्या दुखण्यांत मी त्याला पहिले स्थान देईन, कारण ते जवळजवळ संपूर्णपणे टाळता येण्याजोगे आहे. आपल्या प्रदेशात तर ऊन फुकट मिळते. रोज सकाळचे अर्धा-एक तास कासवाला अंगणात वा गच्चीत, कुत्र्यामांजरांचा व कावळ्याघारींचा बंदोबस्त करून, सोडावे. मात्र जागेचा निम्मा भाग सावलीत असावा, आणि काचेच्या टाकीसकट ते उन्हात कधीही ठेवू नये, कारण ती टाकी तापली म्हणजे कासव काही मिनिटांत भाजून मरते. ज्यांना ऊन उपलब्ध नाही त्यांनी अतिनील किरणांचा खास दिवा आणावा आणि तो वर्षाच्या आत बदलावा. दिवा उजेड देत राहतो, पण त्यातील उपयुक्त किरण केव्हाच आटलेले असतात. चुन्यासाठी काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारा समुद्रफेन उत्तम. त्याचा तुकडा टाकून ठेवला की कासव गरजेप्रमाणे कुरतडते आणि त्याची चोचही झिजून आटोक्यात राहते.

उन्हाचाच दुसरा धर्म उष्णता. कासवाच्या शरीराला स्वतःची ऊब नसते, आणि परिसर थंड झाला की त्याचे पचन व रोगप्रतिकार ही दोन्ही मंदावतात. भुईकासवाच्या जागेत एका टोकास बत्तीस ते पस्तीस अंशांची उबदार बैठक असावी व दुसरे टोक पंचवीसच्या आसपास असावे, म्हणजे त्याला स्वेच्छेने हवी ती जागा निवडता येते. स्लायडरचे पाणी चोवीस ते सत्तावीस अंश असले म्हणजे पुरे. विदर्भातील पौषाच्या रात्री फरशीवर निजलेल्या कासवाला फुप्फुसांचा दाह होण्याचा मोठाच धोका असतो. कासवाला आपल्यासारखा श्वासपटल नसतो आणि जोराने खोकून कफ बाहेर टाकता येत नाही, त्यामुळे साचलेला स्राव आतच राहतो. त्याच्या नाकपुडीशी एक बारीकसा बुडबुडा येतो, श्वासासरशी फुगतो आणि फुटतो. मान पुढे ताणून तोंड उघडे ठेवून ते हवा ओढू लागते. स्लायडर असेल तर पाण्यात एका अंगावर कलून पोहू लागते. यांपैकी एकही लक्षण दिसले तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. थंडीत कासव झोपतेच, ही समजूतही येथे घात करते, कारण शीतनिद्रा भूमध्य समुद्राकडच्यांसारख्या काहीच जाती घेतात. स्टार वा सुल्काटा यांना शीतनिद्रा नसते, आणि ती निपचित पडली तर गारठलेली किंवा आजारी आहेत असेच समजावे.

भुईकासवाला पाणी लागत नाही हाही असाच एक गैरसमज. उथळ, कोमट, हनुवटीच्या खाली राहील इतक्या पाण्यात त्याला आठवड्यातून दोन-तीनदा, पिल्लू असल्यास रोज, पंधरा-वीस मिनिटे बसवावे. ते पाणी पिते आणि तेथेच मलमूत्र विसर्जन करते. मूत्राबरोबर येणारा पांढरा पदार्थ मऊ असेल तर ठीक. तो बोटांना वाळूसारखा चरचरीत लागला तर शरीर आतून कोरडे पडत आहे, आणि पुढे मूत्राशयात खडा होऊन शस्त्रक्रियेची वेळ येते. पिल्लांच्या कवचावर पिरॅमिडच्या आकाराचे जे उंचवटे येतात त्यांचा दोष पूर्वी अतिपौष्टिक आहारावर ठेवला जात असे. सुल्काटाच्या पिल्लांवर ऑस्ट्रियात झालेल्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने मात्र कोरड्या हवेचा परिणाम प्रथिनांपेक्षा अधिक असल्याचे दाखवले.

अन्नाच्या बाबतीत आपल्या लोकांची माया आड येते. पोळी, भात, दूध, बिस्कीट हे कासवाचे खाद्य नव्हे. दूध तर त्याला पचतच नाही. काकडी आणि कलिंगड ते आवडीने खाते, पण त्यांत पाण्यावाचून फारसे काही नाही. पालकातील द्रव्ये चुन्याला बांधून ठेवतात. भुईकासवाला हरळी व इतर गवत, वाळका चारा, तुतीची आणि शेवग्याची पाने, जास्वंदीची पाने-फुले, काटे काढलेले निवडुंगाचे फडे असे रानातले रुक्ष, तंतुमय अन्न द्यावे. कण्हेरीचे पान मात्र चुकूनही पोटात जाऊ देऊ नये. स्लायडर मांसाहारी व शाकाहारी दोन्ही आहे, आणि वयाबरोबर त्याचा ओढा वनस्पतींकडे वाढतो. वाळवलेल्या कोळंबीच्या डब्यावरच वाढवलेल्या स्लायडरला अ जीवनसत्त्वाची उणीव भासते, त्याच्या पापण्या सुजून डोळे मिटतात, दिसेनासे झाल्याने ते खाणे सोडते, आणि पुष्कळदा कानावर सुपारीएवढी गाठ येते. त्या गाठीतील पू आपल्या गळवातल्याप्रमाणे वाहत नाही. तो खव्यासारखा घट्ट असतो, त्यामुळे ती दाबून वा लेप लावून जात नाही, वैद्याने ती चिरून साफच करावी लागते.

आहाराचा प्रभाव केवढा असतो हे सेंट हेलेना बेटावरील जोनाथन नावाच्या कासवावरून जगाला दिसले. १८८२ साली ते तेथे आणले गेले तेव्हाच पूर्ण वाढलेले होते, म्हणून त्याचा जन्म १८३२ च्या सुमाराचा मानतात. वार्धक्याने ते आंधळे झाले, घ्राणशक्ती गेली, निकस गवतावर राहून चोच बोथट व ठिसूळ झाली. बेटावरील पशुवैद्य जो हॉलिन्स यांनी त्याला फळे व भाज्या हाताने भरवण्याचा क्रम सुरू केला, आणि पावणेदोनशेहून अधिक वर्षांच्या त्या जीवाची चोच पुन्हा धारदार झाली. इतक्या उतारवयातही योग्य अन्नाने शरीर सावरते, ही गोष्ट आजारी कासव पदरी असलेल्या प्रत्येकाने मनाशी बाळगावी अशी आहे.

मादी कासव नराच्या सहवासावाचूनही अंडी धरते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. ती अस्वस्थपणे कोपरे उकरू लागली, मागच्या पायांनी फरशी खरवडू लागली, खाणे टाकले, तर तिला खोल, ओलसर मातीची जागा करून द्यावी. खणायला जागा न मिळाल्यास अंडी पोटात अडतात आणि जीव धोक्यात येतो.

उपचाराविषयी एक इशारा फार स्पष्टपणे दिला पाहिजे. कुत्र्यांना, गुरांना जंतांवर वा गोचिडांवर सर्रास दिले जाणारे आयव्हरमेक्टिन कासवाला विषवत् आहे. त्याने पक्षाघात होऊन मृत्यू ओढवतो. म्हणून घरात उरलेले कोणतेही औषध त्याला देऊ नये, आणि सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेला पशुवैद्य आपल्या गावी वा जवळच्या शहरात कोण आहे याची चौकशी कासव आजारी पडण्याच्या आधीच करून ठेवावी. त्या वैद्याला सर्वांत उपयोगी पडतो तो वजनाचा तपशील. दर महिन्याला स्वयंपाकघरातील काट्यासारख्या एखाद्या काट्यावर, पण कासवासाठीच राखून ठेवलेल्या, त्याचे वजन करून वहीत नोंदवावे. कवच आक्रसत नसल्याने आतील शरीर खंगले तरी डोळ्यांना कळत नाही, आकडा मात्र ते लगेच सांगतो.

काटा वेगळा ठेवण्याचे कारण असे की धडधाकट कासवाच्या अंगावर आणि त्याच्या पाण्यात साल्मोनेला हे जंतू असू शकतात. त्यापायी मुले आजारी पडू लागल्यावर अमेरिकेत १९७५ मध्ये चार इंचांहून लहान कवचाच्या कासवांच्या विक्रीस बंदी करण्यात आली. कासवाला हात लावल्यावर साबणाने हात धुणे आणि त्याची टाकी भांडी घासण्याच्या जागी न धुणे, एवढे पाळले तरी बराच धोका टळतो. पाच वर्षांखालील मुलांच्या हाती ते देऊच नये.

आणि सांभाळणे जिकिरीचे होऊन बसले म्हणून स्लायडरला देवळाच्या तळ्यात वा नदीत सोडण्याचा जो पुण्यप्रद मार्ग अनेकांना सुचतो, तो मात्र सर्वथा वर्ज्य मानला पाहिजे. जगातील सर्वांत उपद्रवी शंभर आक्रमक जातींच्या यादीत या कासवाचे नाव आहे. आपल्या तळ्यांतील देशी कासवांची उन्हाची जागा व अन्न ते बळकावते. ज्याला ते पुढे ठेवणे शक्य नाही त्याने प्राणिसंग्रहालयाकडे किंवा प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेकडे विचारणा करावी, आणि ज्याला शक्य आहे त्याने आपल्या पश्चात त्याचा जिम्मा कोण घेईल हे घरातल्यांशी बोलून आजच ठरवून ठेवावे, कारण चाळिशीत घेतलेले सुल्काटा मालकाच्या मागे नातवंडांपर्यंत सहज पोचते.